काय गुन्हा करावा लागंल?

भीक मागणं हा गुन्हा आहे, हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी दारावर येणाऱ्याला आई पसाभर ज्वारी घालायची आणि ती कोणी घालायची यावरून आम्ही भावंडं भांडायचो. मुलाखतीत मला भिक्षा प्रतिबंधक कायद्याबद्दल विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. तरी नोकरी मिळाली. नगरसारख्या ठिकाणी त्या काळात या कामाला बायका पुढे येत नव्हत्या, हे त्याचं खरं कारण.

माझं पद परिविक्षा अधिकारी. हा शब्द नीट उच्चारणारा माणूस मला सगळ्या नोकरीत क्वचितच भेटला. लोक 'प्रोबेशनबाई' म्हणत. माझ्या सासरची माणसं काहीच म्हणत नसत, 'सरकारी नोकरी आहे' एवढ्यावर भागवत.

काम काय होतं ते सांगते. स्टँडवर, बाजारात, देवळापाशी कोणी मागताना दिसलं की पोलीस त्याला गाडीत घालून आमच्या स्वीकार केंद्रात आणून सोडायचे. गावाबाहेर, लष्करानं सोडून दिलेल्या जुन्या बराकींत आमचं केंद्र होतं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, मध्ये आणि भोवती तारेचं कुंपण. मग कोर्ट मला विचारायचं, याला घर आहे का, सांभाळणारं कोणी आहे का, हा सुटला तर पुन्हा मागेल का. मी एसटीनं, बैलगाडीनं, नाहीतर पायी जाऊन चौकशी करायची आणि अहवाल द्यायची. त्यावरून कोर्ट माणसाला ताकीद देऊन सोडायचं किंवा वर्ष-दोन वर्षांसाठी भिक्षेकरी गृहात पाठवायचं. पुरुषांचं गृह एका जिल्ह्यात होतं, बायकांचं दुसऱ्या.

आम्हाला प्रशिक्षणात एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी पहिल्याच तासाला इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिकडे कारखाने नुकते उभे राहत होते त्या काळी गरिबांचं काय करायचं हा प्रश्न सरकारला पडला. सरकारनं मोठाली घरं बांधली. ज्याला मदत हवी त्यानं घरदार सोडून तिथं येऊन राहायचं. आत आल्यावर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. पुरुषांनी दगड फोडायचे, बायकांनी धुणी धुवायची, खायला बेताचं. आणि हे सगळं मुद्दाम. बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा आतलं जिणं वाईट ठेवायचं, म्हणजे मरायला टेकल्याशिवाय कोणी दार वाजवणार नाही. "मदतीची लाज वाटली पाहिजे, हे त्या कायद्याचं खरं कलम," प्राध्यापक म्हणाले. "साहेब गेला, पण हे कलम इथं ठेवून गेला."

आम्ही ते लिहून घेतलं. परीक्षेला तो प्रश्न आला नाही.

सुरुवातीच्या काळात आमच्या केंद्रात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं, माणसं पळून जाऊ नयेत. आणि ती पळायची. दोन्ही पायांनी अधू असलेले एक गृहस्थ एका दुपारी कुबड्या कुंपणाला नीट टेकवून कुंपणावरून पसार झाले. आमचे अधीक्षक तुरुंगखात्यातून आलेले, कोरडे गृहस्थ. ते जाऊन कुबड्या पाहून आले आणि म्हणाले, "सरकारजमा करा. पुढच्याला उपयोगी पडतील."

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरं वर्षही तसंच गेलं. विहिरींनी तळ दाखवला, जनावरं छावणीत नाहीतर बाजारात गेली. जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली, बायामाणसं खडी फोडू लागली. आणि आमच्याकडून कोणी पळून जाईनासं झालं. ही गोष्ट आमच्या लक्षात यायलाही बरेच दिवस लागले. पळण्याचा त्रास नाही म्हणून आम्ही आपले खूश होतो.

असंच एका सकाळी मी कामावर आले तर गेटाबाहेर एक म्हातारा-म्हातारी घोंगडी अंथरून बसलेली. मागणाऱ्यांपैकी दिसत नव्हती. त्याचं धोतर विरलेलं होतं पण धुतलेलं होतं, पटका नीट बांधलेला. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. जवळ स्वतःचा तांब्या. कोणाला तरी भेटायला आली असतील असं मला वाटलं.

मला पाहून म्हातारा उठून उभा राहिला.

"बाई, हितं दोन टायम भाकर मिळती म्हनं. आमाला आत घ्या."

मी म्हटलं, "बाबा, ही धर्मशाळा नाही. इथं कोर्टाची माणसं ठेवतात. भीक मागितली म्हणून पोलीस धरून आणतात. त्यांनी गुन्हा केलेला असतो."

त्यानं ते नीट ऐकून घेतलं. बायकोकडे पाहिलं. मग शेतीच्या कामाची माहिती विचारावी तसं विचारलं, "मंग आमाला काय गुन्हा करावा लागंल?"

मी आत गेले, पाणी प्यायले आणि अधीक्षकांना सांगितलं. मग आम्ही दोघं बाहेर आलो.

म्हाताऱ्याचं नाव भागूजी, म्हातारीचं यमुनाबाई. गाव पाथर्डीच्या पलीकडचं, बीडच्या हद्दीला लागून. अकरा एकर जिरायत जमीन, सगळी पडीक. मुलगा आणि सून पोरांना घेऊन कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेली. ऊसच नव्हता म्हणून कारखान्याचं धुराडं लवकर थंडावलं, पण मुलगा परत आला नाही. कुठंतरी कामावर लागला असावा. निरोप नाही.

"तुम्ही दुष्काळी कामावर का जात नाही?" अधीक्षकांनी विचारलं.

"गेल्तो की साहेब. खडीचं माप टोळीचं असतं. आमी म्हातारी टोळीत आलो की माप कमी भरतं. मंग टोळी घेत न्हाई. मुकादम म्हनला, तुमी गावात बसून सरकारची मदत घ्या."

"मग घेतली का?"

"तलाठी म्हनला, ती निराधाराला हाय. तुला पोरगा हाय, अकरा एकर हाय. तू कशाचा निराधार?" भागूजी पुढं म्हणाला, "त्यो खोटं न्हाई बोलला. नाव हाय की माझं उताऱ्यावर."

कामासाठी तो म्हातारा होता. मदतीसाठी तो जमीनदार होता. आणि आमच्याकडे यायला तो गुन्हेगार नव्हता. सरकारनं भुकेल्या माणसासाठी तीन दारं ठेवली होती आणि हा माणूस तिन्ही दारांतून नियमाप्रमाणे परत फिरला होता. कोणी त्याच्याशी उद्धटपणेही वागलं नव्हतं.

अधीक्षक म्हणाले, "मी यांना आत घेऊ शकत नाही. आज घेतलं तर उद्या गेटावर गाव उभं राहील." मग शिपायाला म्हणाले, "माझा डबा आण. तो सरकारी नाही."

भागूजीनं डबा घेतला नाही. फुकटचं खाणार नाही म्हणाला, काम सांगा. शेवटी त्याला खराटा दिला. त्यानं गेटासमोरची सगळी जागा झाडून काढली, यमुनाबाईनं पाणी मारलं, मग दोघं जेवली. आत आमच्या बराकीत झाडायची पाळी चुकवण्यासाठी पोटदुखीची सोंगं चालली होती. ऊन उतरल्यावर दोघं निघाली. मुलाला शोधायला कोपरगावकडे जातो म्हणाली. मी त्यांना तहसील कचेरीत जायला सांगितलं. माझ्याजवळ सांगण्यासारखं तेवढंच होतं.

काही आठवड्यांनी पोलिसांची गाडी आली. एका देवस्थानाच्या गावातून माणसं आणली होती. नेहमीच्या चेहऱ्यांमध्ये यमुनाबाई होती. एकटी.

मी तिला बाजूला घेतलं. "भागूजीबाबा कुठं आहेत?"

"येत्याल," ती म्हणाली. "पायी येत्याल."

तिनं सांगितलं ते मी आज पुन्हा लिहितानाही थांबून थांबून लिहिते आहे. कोपरगावच्या बाजूला शेतातल्या ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या रिकाम्या होत्या. मुलाचा पत्ता नाही. परत फिरताना दोघं देवळाच्या गावी थांबली. तिथं भिकाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली. तिनं हात पुढे केला. पहिल्या दिवशी डोळे मिटून केला, मग उघड्या डोळ्यांनी. त्याला मात्र जमेना. तो तिच्या शेजारी हात मांडीखाली धरून बसायचा. ती मिळेल ते त्याला द्यायची. तो खाली मान घालून खायचा.

पोलीस आले तेव्हा त्यांनी तिला गाडीत बसवलं. भागूजी मागून धावला. मी नवरा हाय, मलाबी घ्या. पोलीस म्हणाला, बाबा, तू कुठं मागत होतास? मी मघापासून बघतोय.

"खरंच सांगितलं त्यानं," यमुनाबाई म्हणाली. "ह्यांना येतच न्हाई मागायला."

भागूजी तिसऱ्या दिवशी पोचला. बायकांच्या बराकीमागं कुंपणाला लागून एक बाभूळ होती, तिच्याखाली त्यानं घोंगडी टाकली. जेवणाची घंटा झाली की यमुनाबाई भाकरी घेऊन तारेपाशी जायची. अर्धी स्वतः खायची, अर्धी तारेतून बाहेर द्यायची. आमच्या मेट्रनबाईंनी हरकत घेतली. केंद्राचं अन्न बाहेर देता येत नाही, तसा नियमच होता. अधीक्षक येऊन पाहून गेले.

"तार कुठंतरी सैल झालेली दिसते," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुरुस्त करून घेऊ."

मला आता कोर्टासाठी अहवाल लिहायचा होता. यमुनाबाईनं माझे हात धरले. "बाई, तुमी कुटंबी जावा, पर आमच्या गावात जाऊ नका. गावाला कळलं तर मी परत जायाची न्हाई. हीर कोरडी आसली तरी खोल हाय."

मी गावात गेले नाही. तालुक्याच्या कचेरीतून जमिनीची खात्री करून घेतली. पण लिहायचं काय? घर आहे, जमीन आहे, नवरा आहे, मुलगा आहे, असं लिहिलं तर कोर्ट तिला सोडणार, आणि सोडणं म्हणजे उपाशी ठेवणं. निराधार आहे असं लिहिलं तर तिला दोन वेळा भाकरी मिळणार, पण दुसऱ्या जिल्ह्यात. माझ्या छापील अहवालात भुकेसाठी रकानाच नव्हता. प्राध्यापकांची गोष्ट मला तेव्हा आठवली. आतलं जिणं बाहेरच्यापेक्षा वाईट ठेवा म्हणजे कोणी येणार नाही, असा तो हिशोब होता. बाहेरचं जिणं त्याच्याही खाली गेलं तर काय, याचा विचार कायदा करणाऱ्यानं केला नव्हता. मी जे घडलं ते सगळं, जसंच्या तसं लिहिलं. शिफारशीची जागा कोरी ठेवली.

मॅजिस्ट्रेटसाहेब उतारवयाचे, शांत होते. आमच्या केसेस ते भराभर उरकायचे, कारण त्यांत वाद नसायचा. माझा अहवाल मात्र त्यांनी दोनदा वाचला. भागूजी मागं भिंतीला टेकून उभा होता, त्याला पुढे बोलावलं.

"तुम्ही भीक मागत होता का?"

"न्हाई साहेब. मला जमलं न्हाई."

यमुनाबाई मध्येच म्हणाली, "साहेब, मनातनं मागत हुते. हात तेवढा उचलत नव्हता. त्यांनाबी घ्या."

कोर्टात कोणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. मागणाऱ्यावर जो संपूर्णपणे अवलंबून आहे, त्यालाही ठेवून घेण्याची आज्ञा कोर्ट देऊ शकतं, असं एक कलम होतं. ते अर्थातच मुलाबाळांसाठी असावं. साहेब चांगल्या मनानंच विचारत होते, हे मी आजही सांगेन.

"भागूजी, नीट ऐका. तुम्ही यांच्या भिकेवर जगत होता का? तसं असेल तर मला काही करता येईल. पण तुम्हाला स्वतः सांगावं लागेल."

भागूजीनं पटका काढून हातात घेतला. चार माणसांत डोकं उघडं करणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "ही मागून आनती. मी खातो. लिवा तसं."

साहेबांनी पेन उचललं. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, दोघांना आज्ञा झाली तरी एकत्र ठेवता येणार नाही. पुरुषांचं गृह वेगळं, बायकांचं वेगळं. जिल्हेही वेगळे आहेत."

"किती काळ?"

"निदान वर्षभर."

पेन तिथंच थांबलं. यमुनाबाईला सगळं कळलं नसावं, पण एवढं कळलं. ती भागूजीकडे बघत होती, साहेबांकडे नाही. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "मंग ह्यांना कशाला इचारलं?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग यमुनाबाईला ताकीद देऊन माझ्या देखरेखीखाली सोडल्याचा हुकूम लिहिला. उठताना मला म्हणाले, "देखरेख म्हणजे काय ते मला विचारू नका. काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन एका पाझर तलावाच्या कामावर गेले. शेकडो माणसं मातीत. टोपल्यांची रांग हलत होती. कामावरचे ओव्हरसियर तरुण होते, उन्हानं काळे ठिक्कर पडलेले. त्यांना मी सांगितलं की दुष्काळी कामांच्या नियमांत अशक्त माणसांना हलकं काम देता येतं. पाणी पाजणं आहे, लहान मुलं सांभाळणं आहे. हे मी आदल्या संध्याकाळी अधीक्षकांकडून ऐकलं होतं. अशक्त कैद्यांना हलकं काम देण्याची रीत ते तुरुंगखात्यात शिकले होते.

"नियम आहेत हो," ओव्हरसियर म्हणाले. "पण इथं गेल्या आठवड्यात दोन टोळ्या परत पाठवल्या. ह्यांना घेतलं की त्या विचारणार, म्हातारी चालते आणि आम्ही चालत नाही?"

त्यांचंही चुकत नव्हतं. त्या वर्षात मला चुकणारी माणसं फार थोडी भेटली, हेच भयंकर होतं.

आम्ही तिथंच उन्हात बसून राहिलो. बांधाच्या कडेला काठ्यांवर पोती टाकून सावली केली होती, तिच्यात कामकरणींची तान्ही मुलं झोपवलेली. सावली सरकली होती आणि एक पोर उन्हात आलं होतं. यमुनाबाई काही न बोलता उठली. पोर उचललं, सावलीत ठेवलं, दुसऱ्याच्या तोंडावरच्या माशा हाकलल्या, रडणाऱ्या तिसऱ्याला मांडीवर घेतलं. टोपली घेऊन जाणारी एक बाई थांबली. मग दुसरी थांबली. रांगच थांबली.

पहिली बाई ओव्हरसियरना म्हणाली, "भाऊसाहेब, हिला ठिवा. काल माझं पोर दुपारभर उनात हुतं. मला कळलंबी न्हाई."

"टोळ्या बोलतील," ते म्हणाले.

"टोळी म्हंजी आमीच की."

यमुनाबाई मुलांकडे लागली. भागूजीला पाण्याचे रांजण भरायला आणि पाणी पाजायला ठेवलं. मी परत निघाले तेव्हा तो तांब्या घेऊन रांगेतून फिरत होता. ओंजळ पुढे आली की पाणी ओतत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर पाऊस पडला. कामं बंद झाली. कायदा तसाच राहिला. आमच्या कुंपणावरून लोक पुन्हा पळायला लागले आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

काही वर्षांनी दुसऱ्या एका चौकशीसाठी मी त्याच भागात गेले होते. काम लवकर झालं. भागूजीचं गाव जवळ होतं, म्हणून वाट वाकडी केली. घर सापडलं. ओसरीवर भागूजी बसला होता, अंगणात सून ज्वारी पाखडत होती, एक तरुण माणूस बैलाला पाणी दाखवत होता. मुलगा परत आला होता तर. मला इतका आनंद झाला की मी तोंड उघडणार, तेवढ्यात भागूजीनं विचारलं, "कुठल्या म्हनायच्या तुमी?"

त्याची नजर अगदी स्वच्छ होती, ओळखीचा लवलेश नसलेली. मला उमगायला थोडा वेळ लागला.

"नगरची," मी म्हटलं. "वाट चुकले."

"मंग बसा. उन लई हाय." त्यानं आत हाक दिली. यमुनाबाई बाहेर आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पाय धुवायला पाणी दिलं. तिनंही ओळख दाखवली नाही. मग बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढे आला. यमुनाबाईचं आणि माझं ताट शेजारी मांडलं. भागूजी ओसरीवर बसून म्हणाला, "हं, जेवा." सून पदराआड हसली. मी जेवले आणि त्या घरात पाहुण्यानं विचारावं तेवढंच विचारलं, पाऊसपाण्याचं.

यमुनाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. घर दिसेनासं झाल्यावर म्हणाली, "बाई, राग धरू नका. पोराला आन् सुनंला ठावं न्हाई. कामावर हुतो, एवढंच ठावं हाय."

"राग कसला," मी म्हटलं. "मीच यायला नको होतं."

"तसं न्हाई." ती चालता चालता म्हणाली, "तवापास्नं मालक माझ्या आदी घास घेत न्हाईत. आदी तू बस, म्हनत्यात. मी जेवून उठले की मंग बसत्यात. सून हसती. गावबी हसतं. बाईलयेडा झाला म्हनत्यात म्हातारपनी."

"आणि ते काय म्हणतात?"

"काय बी न्हाई. हसू देत्यात."

एसटीचा धुरळा दिसला. यमुनाबाईनं पुढं होऊन गाडी थांबवली. मी चढले. तिनं दारातून आत डोकावून कंडक्टरला सांगितलं, "पाव्हनी हाय आमची. नगरला नीट उतरवा."